गोव्यातील जुना चिरेबंदी कमानपूल: पाहणीपासून दुरुस्तीपर्यंत

जुन्या पुलाचा विषय ग्रामसभेत निघाला की चर्चा बहुतेक वेळा दोनच टोकांना जाते: पूल पाडून नवा बांधा, नाही तर सिमेंट मारून मजबूत करा. चिरेबंदी, म्हणजे चिऱ्याने (जांभ्या दगडाने) बांधलेल्या, कमानपुलाच्या बाबतीत पहिला मार्ग अनेकदा अनावश्यक असतो आणि दुसरा अपायकारक. अशा पुलाच्या कामाशी पहिल्यांदाच संबंध येणाऱ्यांसाठी हा लेख लिहिला आहे, मग तो सार्वजनिक बांधकाम खात्यात (साबांखात) नव्याने रुजू झालेला कनिष्ठ अभियंता असो, गावचा पंच असो, वास्तुशास्त्राचा विद्यार्थी असो किंवा पहिलेच जुने काम हाती घेणारा कंत्राटदार असो. पाणी पुलात कुठून शिरते आणि कुठे अडते हे आधी शोधावे, मग भार मोजावा आणि बळकटीचा विचार त्यानंतरच करावा, हा क्रम पाळला तर निम्म्याहून अधिक खर्चिक उपाय करावेच लागत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा, व्हाइसरॉय काउंट ऑफ लिन्हारिश याच्या कारकिर्दीत 1633-34 साली बांधलेला पोंत द लिन्हारिश हा सुमारे 3.2 किलोमीटरचा चिरेबंदी मार्ग मिठागरे आणि खारफुटीच्या मधून आजही वाहतूक वाहतो. जवळच मांडवी नदीवरचा, विसाव्या शतकात काँक्रीटमध्ये बांधलेला नेहरू पूल मात्र दोन दशकेही न टिकता 5 जुलै 1986 रोजी कोसळला, कारण काँक्रीटमधील ताण दिलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेत गंजल्या होत्या. जुने ते सारे चांगले, असा याचा अर्थ नव्हे. काँक्रीटच्या पुलाचा रोग गंज आहे, तर चिरेबंदी पुलाचे रोग वेगळे आहेत: दरजांमधला, म्हणजे चिऱ्यांच्या सांध्यांमधला, चुना धुऊन जाणे, पायाखालची माती वाहून जाणे, क्षारांनी चिरा भुगा होणे आणि भरावात (कमानीवर, रस्त्याखाली घातलेल्या भरतीत) पाणी साठणे. त्यामुळे काँक्रीटच्या पुलाची तपासणी यादी जशीच्या तशी घेऊन चिऱ्याच्या पुलावर जाऊ नये.

पहिली पायरी: कागद आणि परवानग्या

पुलावर हातोडा लागण्यापूर्वी त्याची कागदपत्रे पाहावीत. 1595 मध्ये स्थापन झालेल्या पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज काळातील सार्वजनिक कामांच्या नोंदी आहेत, आणि साबांखाच्या विभागीय कार्यालयात मुक्तीनंतरच्या रुंदीकरणाचे आराखडे मिळू शकतात. मूळ कमानीला लागून नंतर काँक्रीटची पट्टी वाढवलेली असेल तर ते आधीच कळणे फार महत्त्वाचे आहे, कारण वरून एकसंध दिसणारा असा पूल प्रत्यक्षात शेजारी शेजारी उभे असलेले दोन वेगळे पूल असतात, आणि त्यांच्या सांध्यातूनच बहुधा पाणी आत जाते.

परवानग्यांबाबत थोडक्यात सांगायचे तर, पूल संरक्षित स्मारक आहे का किंवा अशा स्मारकाच्या आसपास आहे का हे पाहावे. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटर क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील 200 मीटर नियंत्रित असते, तर राज्य संरक्षित वास्तूंना 1978 चा राज्याचा कायदा लागू होतो. भरती-ओहोटीच्या पाण्यावरील पुलाला किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम लागतात, आणि मचाण उभारण्यासाठी खारफुटी तोडण्याचा विचारही परवानगीशिवाय करू नये. हे अर्ज पावसाळ्यातच करावेत, म्हणजे कोरडा हंगाम हातचा जात नाही.

दुसरी पायरी: डोळ्यांनी आणि हातोडीने पाहणी

पाहणी वर्षातून दोनदा करावी, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा ओसरल्यावर. वेळ ओहोटीची निवडावी, तीही शक्यतो अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासची, कारण उधाणाच्या दिवसांत जशी भरती मोठी तशी ओहोटीही खोल असते आणि एरवी पाण्याखाली राहणारा खांबांचा तळ तेव्हा दिसतो. भारतीय रस्ते काँग्रेसची एसपी:35 ही मार्गदर्शिका सोबत ठेवावी. नोंदींचे नमुने त्यातून घेता येतात. प्रत्येक गाळ्याला (दोन आधारांमधल्या कमानीच्या भागाला) आणि खांबाला एका ठरावीक काठावरून क्रमांक द्यावा, आणि तोच क्रमांक पुढची सगळी वर्षे वापरावा.

कमानीच्या पोटाखाली उभे राहिल्यावर प्रथम भेगांची दिशा पाहावी, कारण भेगेच्या रुंदीपेक्षा तिची दिशा अधिक सांगते. बाजूच्या भिंतीच्या आतल्या कडेने, पुलाच्या लांबीला समांतर जाणारी भेग असेल, तर भरावात साठलेल्या पाण्याच्या आणि वाहनांच्या दाबाने ती भिंत बाहेर ढकलली जात आहे; हा दोष दिसायला भयंकर पण बहुधा आवाक्यातला असतो. माथ्यावर किंवा गाळ्याच्या चतुर्थांशावर आडवी, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारी भेग मात्र गंभीर समजावी. कमान अशा आडव्या रेषांवर बिजागरीसारखी वळू लागते, आणि अशा चार बिजागऱ्या तयार झाल्या की ती कोसळते. कमान जिथे खांबावर टेकते तिथून तिरकी वर जाणारी भेग बहुतेक वेळा पाया एका बाजूने खचल्याचे चिन्ह असते.

त्यानंतर हलक्या हातोडीने एकेक चिरा वाजवून पाहावा. शाबूत चिरा खणखणीत बोलतो, तर सुटलेला किंवा आतून पोखरलेला चिरा बद्द वाजतो. ज्या जागी पूर्वी सिमेंटने दरजा भरल्या आहेत तिथे एक ठरलेले चित्र दिसते: सिमेंटच्या कडक रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि त्यांच्या मधला प्रत्येक चिरा वाटीसारखा आत खोलगट झालेला. त्या वाटीत बोट फिरवले की तांबडा भुगा हाताला लागतो. चिऱ्याने प्यायलेले पाणी पूर्वी चुन्याच्या दरजेतून बाहेर पडत असे. सिमेंटने ती वाट बंद केली, म्हणून ते चिऱ्याच्याच तोंडातून सुकू लागले आणि त्यातला क्षार तिथेच स्फटिक बनून चिऱ्याला फोडू लागला. मीठ आगरांच्या शेजारच्या पुलांवर हे नुकसान विशेष वेगाने होते.

पांढरे ओघळ कुठे आहेत याची स्वतंत्र नोंद ठेवावी. पाण्यात विरघळून बाहेर आलेला तो दरजांमधलाच चुना असतो, म्हणजे ओघळ जितका जाड तितकी आतली दरज पोकळ. पावसाळा संपून महिने उलटल्यावर, भर एप्रिलमध्येही एखादी कमान ठिबकत असेल, तर ते पावसाचे पाणी नव्हे हे ओळखावे आणि भरावातून गेलेल्या जलवाहिनीची गळती शोधावी. अशा वेळी पुलाची खरी दुरुस्ती म्हणजे त्या नळाचा एक सांधा असू शकतो.

पिंपळ किंवा वड उगवलेला दिसला की तो उपटण्याचा मोह आवरावा. मुळे कमानीत खोल गेलेली असतात आणि ओढल्यावर चिरेच हलतात. खोड कापून बुंध्याला औषध लावावे, मुळे पूर्ण मेल्यावर ती पोकळी चुन्याने भरावी. भेगांवर जिप्समच्या पातळ टिकल्या तारीख घालून बसवाव्यात. टिकली तडकली तर भेग जिवंत आहे. एका पावसाळ्याचे निरीक्षण झाल्याशिवाय भेग जुनी की वाढती हे ठरवू नये.

तिसरी पायरी: पाण्याखालचा पाया

बहुतेक पाहण्या इथेच अपुऱ्या राहतात, कारण जे दिसत नाही त्याची नोंद कोणी मागत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीला पूर आला असताना ब्रिटिशकालीन दगडी कमानपूल वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्यांसह वाहने नदीत गेली. तो पूल अंगाने भक्कम दिसणाऱ्या दगडी पुलांपैकीच होता.

होडीतून प्रत्येक खांबाच्या वरच्या व खालच्या अंगाला वजन बांधलेल्या दोरीने खोली मोजावी आणि ती भरतीच्या वेळेशी जुळवून एका पक्क्या पातळीवर आणावी. खांबाच्या तोंडाशी खड्डा पडला असेल तर लोखंडी सळीने पायाखाली पोकळी आहे का ते चाचपावे, आणि शंका आली तर पाणबुड्याकडून तपासणी करून घ्यावी. पुराच्या वेळी पडलेला खड्डा पाणी ओसरताना गाळाने भरून जातो, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये तळ सपाट दिसला तरी मऊ गाळ आणि मूळ कठीण थर यांतला फरक सळीनेच कळतो. त्या नदीत जाळे टाकणाऱ्यांना खोल डोह कुठे सरकले आहेत हे चांगले ठाऊक असते; त्यांना विचारल्याशिवाय पायाचा अहवाल पुरा करू नये. जवळपास रेती उपसा होत असेल तर तसे अहवालात स्पष्ट लिहावे, कारण तळ खाली गेला की शतकानुशतके पुरेसा असलेला पाया उथळ ठरतो.

चौथी पायरी: भाराचा हिशेब

चिरेबंदी कमानीसाठी पहिला अंदाज घेण्याची एक सोपी रीत ब्रिटिश लष्करी अभियंत्यांकडून आली आहे आणि ती मेक्सी पद्धत म्हणून ओळखली जाते. माथ्यावरील कमानीची जाडी आणि तिच्यावरील भरावाची जाडी मीटरमध्ये मोजून त्यांची बेरीज करावी, बेरजेचा वर्ग 740 ने गुणावा आणि गाळ्याच्या लांबीच्या 1.3 व्या घाताने भागावा. उत्तर येते ते दोन आसांच्या बोगीसाठी, म्हणजे वाहनाच्या जवळजवळ असलेल्या जोड आसांसाठी, तात्पुरता परवानगीयोग्य भार, टनांमध्ये.

समजा गाळा 6 मीटर, कमानीची जाडी 0.45 मीटर आणि भराव 0.40 मीटर आहे. उत्तर सुमारे 52 टन येते, आणि नवखा माणूस इथेच निश्चिंत होतो. आता गुणक लावावेत. पूर्ण अर्धवर्तुळाकार कमानीसाठी आकाराचा गुणक साधारण 0.69 येतो. कमजोर चिरा आणि सैल भराव यांसाठी 0.61 धरावा. दरजा रुंद, भुसभुशीत आणि खोलवर रिकाम्या असतील तर त्यांचा गुणक 0.58 पर्यंत उतरतो, आणि एकूण अवस्थेसाठी 0.7 घेतला तर 52 टनांचे जेमतेम 9 टन उरतात. 2018 पासून आपल्याकडे जोड आसांवर 21 टनांपर्यंत भार कायदेशीर आहे, हे लक्षात घेतले की फलक लावून अवजड वाहने अडवण्याची गरज का पडते ते कळते. या आकड्यांतला आशेचा भागही पाहावा: केवळ दरजा नीट भरल्याने 0.58 चा गुणक 0.8 पर्यंत नेता येतो, म्हणजे पुलात एकही सळी न घालता त्याची क्षमता तृतीयांशाहून अधिक वाढते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ती 18 मीटरपर्यंतच्या, आकार न बिघडलेल्या कमानींसाठी आहे आणि खांब स्थिर आहेत असे ती गृहीत धरते. तिच्या कोष्टकांत आपला चिरा नाही, म्हणून दगडाचा गुणक सढळ हाताने धरू नये. चिऱ्यासाठीच्या भारतीय मानकातही किमान दाबशक्ती केवळ 3.5 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आहे. कमानीची जाडी दर्शनी बाजूवरून घेणे ही सर्वांत घातक घाई होय, कारण कडेचे चिरे आतल्यांपेक्षा जाड बसवलेले असू शकतात. माथ्याजवळ बारीक छिद्र पाडून जाडी प्रत्यक्ष मोजावी. पद्धतीने काठावरचे उत्तर दिले तर काम जाणकार संरचना अभियंत्याकडे सोपवावे, आणि भारचाचणी करायची झाल्यास ती एसपी:51 प्रमाणे करावी.

गर्दीचा भार विसरू नये. दाटीने उभी असलेली माणसे चौरस मीटरमागे सुमारे 500 किलो भार देतात, आणि शिगमोची मिरवणूक किंवा जत्रा पुलावरून जाते तेव्हा हा भार संपूर्ण गाळाभर पसरतो. मे 2017 मध्ये सावर्डे-कुडचडे येथील वापरासाठी बंद असलेला पोर्तुगीजकालीन पादचारी पूल, नदीतले बचावकार्य पाहायला लोक त्यावर चढल्याने कोसळला आणि जीवितहानी झाली. म्हणून पूल बंद करायचा झाला तर फलकावर विसंबू नये. दोन्ही टोकांना माणूस ओलांडू शकणार नाही अशी भिंत किंवा जाळी उभारावी आणि ती शाबूत आहे का हे दर महिन्याला पाहावे.

पाचवी पायरी: पाण्याला वाट देणे

इथून प्रत्यक्ष काम सुरू होते. रस्त्यावर वर्षानुवर्षे चढवलेले डांबराचे थर प्रथम मोजावेत. 50 मिलिमीटरच्या एका थराचे वजन चौरस मीटरमागे सुमारे 115 किलो भरते. शिवाय थर वाढत गेले की कठडा ठेंगणा होतो आणि पाणी निघून जाण्याची भोके रस्त्याखाली गाडली जातात. डांबर खरवडून उतार पुन्हा दोन्ही कडांकडे द्यावा, जुनी भोके शोधून मोकळी करावीत आणि त्यांना भिंतीपासून बाहेर येणारी पन्हळी बसवावी, म्हणजे पाणी चिऱ्यावरून न ओघळता सरळ खाली पडेल.

भराव उपसून कमानीच्या पाठीवर जलरोधक थर द्यायचा असेल तर एक नियम जिवापाड पाळावा: भराव माथ्याच्या दोन्ही बाजूंनी सारख्याच पातळीने उतरवावा आणि सारख्याच पातळीने पुन्हा घालावा. भराव हा कमानीवरचा निव्वळ बोजा नाही. तोच तिला दोन्ही कुशींत दाबून आकारात ठेवतो आणि चाकाचा भार पसरवतो. एका बाजूचा भराव यंत्राने आधी काढला तर शतके टिकलेली कमान दुपारभरात आकार सोडू शकते. या कामाआधी पोटाखाली सेंटरिंगचा (कमानीला खालून पेलणाऱ्या तात्पुरत्या सांगाड्याचा) आधार द्यावा आणि पुलावर जड यंत्र चढवू नये.

सहावी पायरी: दरजा आणि चुना

दरजा भरण्याचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घ्यावे. सिमेंटच्या जुन्या रेघा बारीक छिन्नीने, चिऱ्याच्या कडा न दुखवता काढाव्यात. कटर यंत्राने त्या कडा हमखास कापल्या जातात. दरज तिच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल साफ करावी, पाण्याने धुवावी आणि भरताना ओलसर ठेवावी, नाही तर तहानलेला चिरा चुन्यातले पाणी शोषून घेतो आणि चुना पीठ होऊन गळतो.

गोव्यात जुना चुना शिंपले भाजून केला जात असे. तो शुद्ध असल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊनच हळूहळू कठीण होतो. वरच्या कोरड्या भागासाठी एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली, मीठ नसलेली रेती हे प्रमाण योग्य ठरते. भरतीचे पाणी पोहोचते तिथे मात्र असा चुना धरत नाही. तिथे चुन्यात विटांची सुरखी (भुकटी) मिसळावी किंवा पाण्यातही घट्ट होणारा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना वापरावा. काय वापरायचे हे जुन्या दरजेचा नमुना प्रयोगशाळेत तपासून ठरवणे उत्तम. भरलेला भाग ओल्या गोणपाटाने झाकून काही आठवडे दमट ठेवावा. गवंडी सिमेंटच्या सवयीने दुसऱ्याच दिवशी मचाण हलवू पाहतात, म्हणून हा काळ निविदेतच लिहून घ्यावा.

आतल्या पोकळ्या चुन्याच्या पातळ मिश्रणाने भरताना दाब एका बारच्या आत ठेवावा आणि खालच्या नळीपासून वर जावे. वरच्या नळीतून मिश्रण बाहेर आले की खालची बंद करावी. भुगा झालेले चिरे एकेक करून बदलावेत, आणि नवा चिरा खाणीतून आणल्यावर हवेत पुरेसा सुकून कठीण झाल्यावरच बसवावा. त्यावर सिलिकॉनचा लेप किंवा रंग देऊ नये, कारण तो सिमेंटसारखीच ओल आत कोंडतो.

सातवी पायरी: बळकटी, गरज असेल तरच

पाणी आणि दरजा यांचे काम झाल्यावर भाराचा हिशेब पुन्हा करावा. तरीही क्षमता कमी पडत असेल तर पर्याय विचारात घ्यावेत. बाहेर झुकणाऱ्या भिंतींना आरपार सळ्यांनी आवळता येते, पण त्या स्टेनलेस पोलादाच्याच असाव्यात. साध्या सळीचा गंज फुगून चिरा फोडतो. कमानीच्या पाठीवर काँक्रीटचा थर ओतण्याची सूचना हमखास येते. त्याने क्षमता वाढते हे खरे, परंतु कमानीचे लवचीक वागणे बदलते आणि ते काम पुढे कोणालाही उलटवता येत नाही, म्हणून मी ते शेवटचा पर्याय मानतो. पाया उघडा पडला असेल तर पोकळी भरून तळाभोवती मोठ्या दगडांचे आवरण द्यावे. हे आवरण गाळ्यातील पाण्याची वाट अरुंद करणार नाही याची काळजी घ्यावी, नाही तर प्रवाहाचा वेग वाढून शेजारचा खांब उघडा पडतो.

जिथे अवजड वाहतूक टाळणे शक्यच नाही तिथे थोड्या अंतरावर नवा पूल बांधून जुना पादचारी आणि सायकलींसाठी राखावा. नव्या पुलाचे खांब जुन्या खांबांच्या रेषेत ठेवावेत, म्हणजे प्रवाह वाकडा होऊन जुन्या पायावर आदळणार नाही.

आठवी पायरी: दुरुस्तीनंतरचा पहिला पावसाळा

काम संपल्यावर गाळ्यांची छायाचित्रे, दरजांच्या मिश्रणाचे प्रमाण, बदललेल्या चिऱ्यांचे क्रमांक आणि नदीतळाच्या खोल्या एका वहीत नोंदवून तिची एक प्रत खात्याकडे आणि एक पंचायतीत ठेवावी. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत पुलाखाली जाऊन प्रत्येक पन्हळीतून पाणी येते का ते पाहावे. कोरडी राहिलेली पन्हळी म्हणजे आत कुठेतरी साठत असलेले पाणी, आणि ते त्याच आठवड्यात मोकळे करावे. मोठा पूर येऊन गेला की खांबांपाशी दोरी पुन्हा सोडावी, जिप्समच्या टिकल्या तपासाव्यात आणि गणेश चवथीनंतर पाऊस उणावला की धुऊन गेलेल्या दरजांची यादी करून नोव्हेंबरच्या कामासाठी चुना भिजत घालावा.